उभ्या पाण्यात तहानलेले पीक



आज आम्ही तुमच्याशी पिकाच्या तहानेविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "यात बोलायचं काय? तहान लागली की पाणी द्यायचं." आम्हालाही पूर्वी तसेच वाटत होते. पण आम्ही दोन शेते पाहिली, आणि तेव्हापासून तसे वाटत नाही.

पहिले शेत इंदापूर तालुक्याच्या मधल्या, कोरडवाहू भागातले. इंदापूरच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा. पूर्वेच्या टोकाला नीरा नरसिंहपूरला दोघींची गाठ पडते. नकाशात पाहिले तर वाटेल, या तालुक्याला पाण्याची काय ददात? पण नदी काठाला असते, मधल्या माळाला नसते. त्या शेतात शाळू उभा होता. विहिरीने तळ गाठलेला. दुपारी बाराच्या उन्हात शाळवाच्या पानांच्या सुरळ्या झालेल्या.

दुसरे शेत बारामतीच्या बाजूचे, नीरेच्या डाव्या कालव्याखालचे. तिथे ऊस. सरीत चिखल होता, पाय रुतत होता. तरीही उसाची पाने मलूल, टोके करपलेली. मालक बांधावर उभे होते. आम्ही विचारले, "पाणी कधी दिलंत?" ते म्हणाले, "पानी तर कालच पाजलंय की. तरी बी माना टाकतोय. रातीला परत दारं धरतो."

एका शेतात पाणी नाही म्हणून पीक तहानलेले. दुसऱ्यात पाणी आहे, तरी पीक तहानलेलेच. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधायचे तर आधी एक गोष्ट समजून घेऊ. पीक पाणी पिते कसे? त्याला तोंड नाही, घसा नाही, माणसासारखे काळीजही नाही. उसाच्या शेंड्यापर्यंत दहा-बारा फूट पाणी चढते. नारळाच्या झाडात तर पन्नास-साठ फूट चढते. ते वर ढकलतो कोण?

ढकलत कोणी नाही. ते वरून ओढले जाते.

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी मोट पाहिली असेल. मोट विहिरीत असते, पण ओढणारे बैल वर धावेवर असतात. मध्ये नाडा असतो. पिकाचेही तसेच आहे. मुळे विहिरीत, पाने धावेवर. ओढणारा बैल म्हणजे ऊन आणि वारा. पानाच्या अंगावर, विशेषतः खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. आपण त्यांना पानाची तोंडे म्हणू. या तोंडांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. वाफ गेली की मागचे पाणी पुढे सरकते. पाण्याचा एक कण दुसऱ्याला घट्ट धरून असतो. म्हणून मुळापासून पानापर्यंत बारीक नळ्यांत पाण्याचा एकच अखंड नाडा ताणलेला असतो.

खरे वाटत नसेल तर उद्याच करून पाहा. सकाळी उन्हात झाडाच्या एका डहाळीवर प्लॅस्टिकची कोरडी पिशवी चढवा आणि देठाशी दोऱ्याने बांधा. तासा-दीड तासाने पिशवीच्या आत थेंब दिसतील. ते पाणी जमिनीतून आले आहे. मुळांनी शंभर लिटर पाणी उचलले, तर त्यातले पंचाण्णव लिटरांहून जास्त असेच हवेत जाते. पिकाच्या अंगी उरते ते थोडेसेच.

"मग ही तर सगळी नासाडीच!" असे मागच्या एका वर्गात एक बाई म्हणाल्या. नासाडी नाही, बाई. आपल्याला घाम येतो तेव्हा अंग गार पडते ना? पानही तसेच गार राहते. आणि दुसरे म्हणजे, या पाण्याबरोबरच जमिनीतले खत वर येते. पीक खत खात नाही, पिते. पाण्यात विरघळल्याशिवाय युरियाचा एक कणही मुळात शिरत नाही.

मग सगळीच खते पाण्याबरोबर सारखी धावतात का? नाही. नत्र पाण्याबरोबर भराभर जाते. पाणी फार झाले तर मुळांच्या खालीही वाहून जाते. स्फुरद मात्र आळशी आहे. ते टाकले तिथेच बसून राहते, मुळालाच त्याच्याकडे जावे लागते. म्हणून स्फुरद पेरणीच्या वेळी बियाच्या खाली द्यायचे असते. कोरड्या मातीवर फेकलेल्या स्फुरदाचा पिकाला उपयोग नाही.

झाडाच्या आतही तोच प्रकार. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानातले नत्र काढून कोवळ्या पानाला देते. म्हणून नत्राची उपासमार खालच्या पानांवर आधी दिसते. पण लोह आणि चुना एकदा पानात गेले की परत फिरत नाहीत. त्यांची तूट कोवळ्या पानांवर दिसते. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनी पुष्कळ. तिथल्या उसाचा शेंडा पिवळा-पांढरा पडतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याला तुम्ही केवडा म्हणता. जमिनीत लोह नाही असे नसते. चुनखडीमुळे ते विरघळत नाही, मग मुळाने प्यावे कसे? अशा उसाला पाणी वाढवले तर केवडा आणखी वाढतो. तेव्हा पिवळे पान दिसले की आधी बघा, पिवळे वर आहे की खाली.

आता पहिल्या शेताकडे जाऊ.

बारामती-इंदापूरचा पट्टा सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत येतो. महाबळेश्वरला वर्षाला दोनशे इंचांहून जास्त पाऊस पडतो. नीरेचे पाणी त्याच डोंगरांच्या बाजूने येते. पण आपल्याकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात. इथे साधारण वीस इंच, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या आसपास. तोही बराचसा सप्टेंबरात. म्हणून आपल्या वाडवडिलांनी शाळू धरला. परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत साठते, आणि तेवढ्या ओलीवर शाळू चार महिने काढतो. सोलापूर जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात गावरान शाळवातून मालदांडी ३५-१ हे वाण निवडले गेले. आजही भाकरीला लोक ती ज्वारी मागतात.

ओल संपत आली की शाळू काय करतो, ते फार पाहण्यासारखे आहे.

जमीन सुकू लागली की पहिली खबर मुळांना लागते. पान अजून टवटवीत असते, तोच मुळे एक द्रव्य तयार करून वर धाडतात. तो निरोपच म्हणा ना. निरोप पानाला पोचला की पान आपली तोंडे मिटू लागते. का? कारण ऊन ओढतेच आहे आणि विहिरीत पाणी नाही. अशा वेळी ताण फार झाला तर नाडा तुटतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. नाडा तुटू नये म्हणून झाड बैलच थांबवते. पानाची सुरळी करते, म्हणजे उन्हाला अंग कमी दिसते. शाळवाच्या कांड्यावर पांढरी भुकटी असते ना, बोटाला लागते ती? ते मेण आहे. त्यानेही पाणी आत राहते. आणि मुळे? ती ओलीच्या मागे खोल जातात, चांगल्या जमिनीत चार-पाच फुटांपर्यंत.

पण तोंडे मिटण्याची किंमत मोठी आहे. याच तोंडांतून पान हवेतला कर्बवायू आत घेते आणि उन्हाच्या जोरावर त्यापासून साखर बनवते. तोंड उघडावे तर पाणी जाते, मिटावे तर उपास पडतो. शिवाय पाणी चढणे थांबले की खतही चढत नाही. म्हणजे अवर्षणात पीक एकाच वेळी तहानलेलेही असते आणि भुकेलेलेही. त्या दिवसांत कोरड्या रानात युरिया फेकून काय होणार? पैसे मातीत!

दाणा भरायच्या वेळी ताण पडला तर शाळू आणखी एक गोष्ट करतो. पानात नवी साखर होत नाही, मग तो ताटातली साठवलेली साखर काढून कणसाला देतो. दुष्काळात घरातले धान्य संपले की आई आपल्या ताटातली भाकर पोराला देते, तसेच हे. पण त्यात ताट पोकळ होते, बुडखा दुबळा होतो. जमिनीतली बुरशी नेमकी हीच वेळ साधून आत शिरते. ताटे बुडाशी मोडून आडवी पडतात. तुम्ही त्याला खडखड्या म्हणता. तो बुरशीचा रोग आहे हे खरे, पण त्याला दार उघडून देतो तो पाण्याचा ताण. त्या वेळी शेततळ्यातले किंवा विहिरीतले एकच पाणी मिळाले तरी फरक पडतो. ते ज्याच्याकडे नाही त्याने पेरणीनंतर रान कोळपत राहावे. भेगा बुजल्या की ओल उडत नाही.

तुम्ही विचाराल, "माती उकरली तर खाली ओल लागते. मग पीक का सुकतं?" बरोबर विचारलेत. पिळलेले लुगडे हाताला ओले लागते. पण आणखी पिळा बरे, थेंब पडतो का? भारी काळ्या मातीचे तसेच असते. काही ओल ती इतकी घट्ट धरून बसते की मुळाच्या ओढीला दाद देत नाही. ओल दिसणे वेगळे आणि पाणी मिळणे वेगळे.

हे वाक्य ध्यानात ठेवा आणि आता माझ्याबरोबर कालव्याखालच्या उसात चला.

उन्हाळ्यात कैरीचे लोणचे सगळ्या घरी घालतात. भगिनींनो, कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की काय होते? पाणी सुटते. ते पाणी कुठले? फोडींच्या पोटातले. बाहेर मीठ जास्त झाले, म्हणून आतले पाणी बाहेर ओढले गेले. मूळ म्हणजे कैरीची फोडच समजा. मातीतल्या पाण्यात खार वाढला की मुळाला ते पाणी आत घेणे जड जाते. खार फारच झाला तर मुळातलेच पाणी बाहेर येऊ पाहते. सरीत पाणी उभे आहे, आणि ऊस मात्र दुष्काळात आहे. बियाला लागून जास्त खत पडले की बी जळते म्हणतात, तेही असेच. खतसुद्धा एक प्रकारचे मीठच आहे.

पिकाने कसेबसे थोडे पाणी घेतले, तरी त्याबरोबर खारही वर जातो. पाण्याची वाफ होते, खाराची होत नाही. तो पानाच्या टोकाला साठत जातो. म्हणून टोके आधी करपतात. शिवाय खारातले सोडियम मुळाशी गर्दी करते, आणि पोटॅशला आत जायला वाव राहत नाही. पानाची तोंडे उघडायला-मिटायला पोटॅश लागते. ते मिळाले नाही तर दारांच्या बिजागऱ्याच गंजल्या म्हणायचे.

हा खार आला कोठून? कालव्याचे पाणी तर गोड आहे.

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १८७६-७७ साली या मुलखात मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नाला महाग झाली. त्या वेळी दुष्काळी काम म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याचे खोदकाम निघाले. १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी सुटले. वर भाटघरला धरण, खाली वीरजवळून कालवा, आणि तो पुरंदर, बारामती करीत इंदापुरात शिरतो. उपाशी माणसांनी घमेली वाहून हा कालवा केला, आणि त्याने पुढच्या पिढ्यांच्या घरात गूळ-साखर आणली. हे उपकार कोणी विसरू नयेत. पण पाव शतक झाले नाही तोच काठच्या रानांवर पांढरा थर दिसू लागला. १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक पुस्तिका काढली. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्रमुख हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी ती लिहिली होती. म्हणजे हे दुखणे आजकालचे नाही. शंभरावर वर्षे झाली.

ते असे घडते. आपल्या खडकात आणि मुरुमात मुळातच थोडा खार असतो. पाऊस कमी, त्यामुळे तो धुऊन जात नाही, खोल पडून राहतो. आपण सरी भरभरून पाणी देतो. पिकाला लागते त्याहून जास्त झालेले पाणी खाली उतरते. खाली पक्का खडक, बाजूला वाट नाही. मग पाणी साठत साठत वर येते, आणि येताना खार विरघळवून आणते. ते जमिनीच्या तोंडापासून तीन-चार फुटांवर आले की पुढचे काम माती करते. समईची वात जशी तेल वर ओढते, तशी माती ते पाणी वर ओढते. वर ऊन आहेच. पाणी उडते, खार राहतो. त्या मालकांनी रात्री परत दारे धरली असती, तर समईत आणखी तेल घातल्यासारखे झाले असते.

आम्ही दोष एकट्या शेतकऱ्याला देत नाही. आवर्तन वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. टेलच्या माणसाला तर पाणी दिसते तेव्हाच आपले. मग तो सरी काठोकाठ भरतो. आम्ही त्याच्या जागी असतो तर आम्हीही भरली असती.

खारवट आणि चोपण यांत फरक आहे, तोही सांगतो. खारवट रानावर पांढरे फुटते, पण माती भुसभुशीत असते. चोपण रान ओले असता बुळबुळीत, वाळले की दगड. त्यात सोडियम मातीच्या कणांना फोडून पीठ करते आणि पाणी मुरायच्या वाटाच बुजवते. पाणी वर साचते, हवा आत जात नाही. मुळांनाही श्वास लागतो, मंडळी. हवा नसेल तर त्यांच्यात पाणी उचलण्याचे बळच राहत नाही. अतिवृष्टीनंतर गुडघाभर पाण्यात उभे असलेले तुरीचे झाड माना टाकते, ते याचमुळे. पाण्यात बुडून तहानेने मरते.

म्हणून वाफसा हा शब्द मोलाचा. वाफसा म्हणजे मातीत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. सरी भरली की पीक पिते असे नाही. सरीतले पाणी जिरून वाफसा आला की पीक प्यायला लागते. वाफसा ओळखायचा कसा? वीतभर खालची मूठभर माती घ्या आणि दाबून लाडू करा. तो कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन चिकटला तर पाणी जास्त आहे, दारे धरू नका. लाडूच झाला नाही तर पाण्याची वेळ आली.

बिघडलेले रान परत येते का? येते, पण क्रमाने. आधी निचरा. खोल चर काढा, किंवा जमिनीखालून छिद्रांचे पाइप घाला, आणि पाण्याला ओढ्याची वाट करून द्या. हे एकट्याने होत नाही. वरच्याचे पाणी खालच्याच्या रानातून जायचे असते, तेव्हा शिवारातल्यांनी एकत्र बसलेच पाहिजे. बरीच कामे इथेच अडतात. वाट झाली की मग गोड पाण्याने खार धुतला जातो. वाटच नसेल तर धुणार कोठे? जिप्सम फक्त चोपण रानात, तेही माती तपासून. शेजाऱ्याने टाकले म्हणून आपण टाकू नये. मग धैंचा पेरून गाडा, शेणखत घाला, उसाचे पाचट जाळू नका. सुरुवातीला खार सोसणारी पिके घ्या. हरभरा आणि घेवडा खार सोसत नाहीत, कापूस सोसतो. ऊस मधला, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

ठिबक घातले म्हणजे खार गेला, असे आता पुष्कळ लोक मानतात. ठिबकने पाणी वाचते, वाफसा टिकतो, सगळे खरे. पण खार ओल्या गोलाच्या कडेला जाऊन बसतो. पहिला वळवाचा पाऊस आला की तो धुऊन मुळांवर येतो. म्हणून पहिल्या हलक्या सरीला ठिबक बंद करायचे नाही, चालूच ठेवायचे. पावसात पाणी सोडणाऱ्याला गाव हसेल, हसू द्या.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ साली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था निघाली. कीड आणि रोग सोडून ऊन, अवर्षण, खार, गारपीट यांचा पिकावर जो ताण पडतो, त्याचा अभ्यास तिथे चालतो. संस्थेला जागा मिळाली तीच मुळी खडकाळ मुरमाड माळाची. तो माळ फोडून त्यांनी त्यावर फळझाडे उभी केली. ते पाहण्यासारखे आहे. शिवाराची सहल काढायची झाली तर आम्ही बरोबर येऊ.

त्या उसाच्या मालकांनी त्या रात्री दारे धरली नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघा-तिघांनी मिळून त्यांच्या रानात कमरेएवढा खड्डा घेतला. तासाभरात त्यात वीतभर पाणी आले. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावले आणि काही न बोलता पोराला हाक मारली, "ये, तू बी चाखून बघ." आता त्यांच्या आणि खालच्या चार रानांच्या चराचे बोलणे चालू आहे. दोघे तयार आहेत, दोघे नाहीत.

पुढच्या शनिवारी येताना प्रत्येकाने आपल्या रानातली माती आणावी. रानात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या आणि कडेची माती खरवडा. सगळी एकत्र कालवून तिचे चार भाग करा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करा. खताची रिकामी पिशवी वापरू नका, स्वच्छ कापडी पिशवी घ्या. आत चिठ्ठी टाका. चिठ्ठीवर नाव, गाव, गट नंबर आणि मागचे पीक लिहा. ज्याच्या विहिरीचे पाणी मचूळ लागते त्याने बाटलीभर पाणीही आणावे. चिठ्ठी मात्र ज्याची त्यानेच लिहायची. आता तुम्हाला लिहिता येते.